‘आत्ताच’ म्हणणाऱ्या मनाचा उपवास

राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंतचा, म्हणजे ईस्टरपर्यंतचा, ख्रिस्ती उपवासकाळ आमच्या घरात तीन पिढ्या पाळला जात आहे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजी या दिवसांत मटण-मासळी वर्ज्य करीत असे, शुक्रवारी एकच वेळ जेवत असे आणि लग्नकार्य, नवे कपडे, दागिना असे सगळे ईस्टरनंतर पाहू म्हणून बाजूला ठेवीत असे. नोकरीसाठी पुण्याला आल्यावर मीही मांसाहार सोडण्याचा नेम चालू ठेवला. परंतु वर्षानुवर्षांच्या सवयीने तो आता मला मुळीच जड जात नव्हता, आणि जे सोडताना काहीच जाणवत नाही ते सोडण्यात उपवासाचा कितीसा भाग उरतो, हा विचार मनात घोळत होता. म्हणून २०२५ साली, राखेचा बुधवार ५ मार्चला आला तेव्हा, मी ठरवले की या वेळी एखादा पदार्थ सोडायचा नाही, तर मनात आले की ते लगेच मिळालेच पाहिजे ही वृत्ती उपाशी ठेवायची.

नेम साधे ठेवले. जी वस्तू घ्यावीशी वाटेल ती त्या दिवशी घ्यायची नाही. वहीत तारखेसह लिहायची आणि रविवारच्या उपासनेनंतर वही उघडून निर्णय करायचा. दहा मिनिटांत सामान दारात आणून देणारी ॲप आणि एकामागून एक छोटे व्हिडिओ दाखवणारी ॲप फोनवरून काढून टाकायची. सकाळी शास्त्रवाचन आणि प्रार्थना झाल्याशिवाय फोन हातात घ्यायचा नाही. आणि ज्या संदेशाने राग येईल त्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचे नाही. औषधे आणि घरातला रोजचा भाजीपाला यांना अर्थातच यातून वगळले. नेम माझा असला तरी घर दोघांचे, म्हणून पत्नीला आधी विचारले. तिने व्यवहाराचा प्रश्न काढला, “मुलीने रात्री अकराला चार्टपेपर मागितला तर काय करणार आहात?” सकाळी लवकर उठून शाळेजवळच्या दुकानातून आणीन, असे मी म्हणालो, आणि पुढे तसे करावेही लागले. निर्णयासाठी रविवार निवडण्यामागे कारण होते. उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजताना रविवार धरले जात नाहीत; दिनदर्शिकेवर हा काळ सेहेचाळीस दिवसांचा भरतो, पण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा सण असल्यामुळे त्या दिवशी उपास नसतो. हवे-नकोचा निवाडा वंचनेच्या दिवशी न होता आनंदाच्या दिवशी व्हावा, असे मला वाटले.

पहिला आठवडा कठीण गेला, आणि तोही अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी. वस्तू न घेणे फारसे अवघड नव्हते. अवघड होते ते मधले रिकामे क्षण. बस येईपर्यंतची पाच मिनिटे, कामाच्या दोन फायलींमधला अवकाश, जेवणानंतरची ग्लानी. या प्रत्येक फटीत हात आपोआप खिशाकडे जाई आणि तिथे काही नाही असे लक्षात आले की एक चमत्कारिक अस्वस्थता सुरू होई. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रियस या संन्याशाने या अस्वस्थतेचे केलेले वर्णन मला त्या आठवड्यात वारंवार आठवले. दिवसाच्या मध्यावर साधूला सूर्य जागचा हलतच नाही असे वाटू लागते, दिवस पन्नास तासांचा वाटतो, तो सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणाच्या नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनला, किती वेळ उरला आहे हे बघायला बाहेर येतो आणि कोणी बंधू भेटायला येतो आहे का म्हणून इकडेतिकडे नजर टाकतो. त्याच्या कोठडीला एकच खिडकी होती आणि आमच्या हातात ती दिवसभर असते, एवढाच फरक.

त्याच संन्याशाची पद्धत मी उचलली. मनात मोह उभा राहिला की त्याच्याशी वाद घालत बसायचे नाही, त्याला शास्त्रातल्या वचनाने उत्तर द्यायचे. ही पद्धत त्याने प्रभू येशूकडून घेतली होती. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात अरण्यात सैतानाने तीनदा मोह घातला आणि प्रभूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातल्या वचनाने उत्तर दिले. इस्राएल लोकांची अरण्यातली चाळीस वर्षे ज्या पुस्तकात आठवली आहेत, त्याच पुस्तकातून चाळीस दिवसांच्या उपासानंतरची उत्तरे यावीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मी काही वचने कागदाच्या पट्ट्यांवर लिहून पाकिटात ठेवली. ‘मनुष्य केवळ भाकरीने नव्हे’ हे त्यांत होतेच. शिवाय करिंथकरांस पत्रातले, सर्व गोष्टींची मुभा असली तरी मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही, हे पौलाचे म्हणणे होते आणि १३१ वे स्तोत्र होते. हे स्तोत्र अवघ्या तीन वचनांचे आहे. दूध तुटलेले मूल आईजवळ जसे शांत असते तसा माझा जीव माझ्या ठायी शांत आहे, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. अंगावर पिणारे मूल आईजवळ आले की दूध शोधते; दूध तुटलेल्या मुलाला आता आईच हवी असते, तिच्याकडून काही मिळावे म्हणून नव्हे. बसथांब्यावर उभे राहून हे स्तोत्र मी इतक्या वेळा म्हटले आहे की आता त्या थांब्यावर गेलो की ते आपोआप ओठांवर येते.

वहीचा अनुभव शिकवणारा होता. त्यात हेडफोन आले, बूट आले, एक महागडे घड्याळ आले, मुलीच्या टेबलावरचा दिवा आला आणि कुकरची रिंग आली. रविवारी वही उघडल्यावर दिवा आणि रिंग जागेवर होती. बाकीच्या बहुतेक नोंदींकडे पाहून, हे आपल्याला का हवे होते हेच नीट आठवत नसे. इच्छा खोटी नव्हती, पण तिचे आयुष्य फार थोडे होते. बुधवारी रात्री जी गरज प्राणांतिक भासली होती, ती रविवारच्या दुपारी साधी आवडही उरली नव्हती.

एक नोंद मात्र जात नव्हती, आणि ती होती नव्या फोनची. जुना फोन चालत होता. नव्यावर जुना देऊन सवलत होती, बिनव्याजी हप्ते होते आणि ‘आज रात्री बारापर्यंतच’ असे सांगणारा, सेकंदासेकंदाने उतरत जाणारा आकडा होता. मुदत संपली की दोन दिवसांनी नवी मुदत सुरू होई. डाळीच्या एका वाढणीसाठी धाकट्या भावाला, याकोबाला, आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकणाऱ्या एसावाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण उत्पत्तीचा पंचविसावा अध्याय या दिवसांत पुन्हा वाचताना एसावाच्या भुकेपेक्षा त्याच्या बोलण्याकडे लक्ष गेले. तो रानातून दमून आला होता, भूक खरी होती, आणि याकोबाच्या हातची डाळही काही पाप नव्हती. पण तो म्हणतो, मी मरायला टेकलो आहे, मला ज्येष्ठत्वाचा काय उपयोग? शिकारीहून घरी आलेला, बापाच्या तंबूत भरल्या घरी उभा असलेला माणूस मरायला टेकलेला नसतो. मोह गरज निर्माण करत नाही. असलेली गरज तो मरणाएवढी मोठी करून दाखवतो आणि मग तिच्यापुढे ज्येष्ठत्वाचा हक्क लहान दिसू लागतो. त्या अध्यायाचा शेवट भयंकर साधा आहे. एसावाने खाल्ले, प्यायले, तो उठला आणि निघून गेला. आपण काही गमावले आहे याची जाणीव त्याच्या त्या चार क्रियांत कुठेच नाही. इब्री लोकांस पत्र सांगते की पुढे त्याने आशीर्वाद अश्रू ढाळून शोधला, पण तो त्याला मिळाला नाही.

इथपर्यंत माझा समज असा होता की हा सगळा प्रकार मनोबलाचा आहे. नेम पाळत राहिले की बळ वाढते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हा समज बदलला. त्याला निमित्त झाला तो लहान मुलांवरचा एक जुना प्रयोग. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाअखेरीस बालवाडीतल्या मुलांपुढे गोड खाऊ ठेवून, आत्ता एक खा किंवा मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, असे सांगितले होते. हा प्रयोग संयमाचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितला जातो. पण २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यात एक पायरी वाढवली. खाऊच्या आधी मुलांना चित्रे काढायला चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले; काही मुलांच्या बाबतीत शब्द पाळला, काहींच्या बाबतीत रिकाम्या हाताने परत येऊन, साहित्य नाही असे सांगितले. नंतर खाऊ समोर ठेवला तेव्हा ज्यांच्याशी शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली; ज्यांची निराशा झाली होती ती तीनच मिनिटे. मुले लहान, प्रयोगही लहान. तरी त्यातली गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. थांबण्याची ताकद मुलाच्या निश्चयात जितकी असते तितकीच देणाऱ्याच्या शब्दावरच्या भरवशात असते.

ही दृष्टी घेऊन मी मत्तयाचा चौथा अध्याय पुन्हा वाचला आणि आजवर न दिसलेली एक गोष्ट दिसली. सैतान प्रभूपुढे ज्या गोष्टी ठेवतो त्या प्रभूला परक्या नव्हेत. भाकर त्याने पुढे हजारोंना पुरवली. देवदूतांनी सांभाळावे, हे अभिवचन स्तोत्रात होतेच, आणि मोह संपताच देवदूत येऊन त्याची सेवा करू लागले असे त्याच अध्यायात लिहिले आहे. जगातली सर्व राज्ये डोंगरावरून दाखवली गेली. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, गालीलातल्या एका डोंगरावरच, पुनरुत्थित प्रभू म्हणतो की स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार मला दिलेला आहे. म्हणजे जे पित्याकडून मिळायचेच होते तेच सैतान आधी, क्रूसाशिवाय आणि दुसऱ्याच्या हातून देऊ करत होता. मोहाचा प्रश्न ‘तुला हे हवे आहे का’ हा नाहीच. तो विचारतो, तुझा पिता खरेच देईल असे तुला वाटते का? मी फोनच्या उतरत्या आकड्याशी झगडत होतो तेव्हा याच प्रश्नाची एक लहान आवृत्ती माझ्यासमोर होती. वही मिटून ठेवणे त्यानंतर सोपे झाले, कारण आता मी स्वतःला रोखून धरत नव्हतो; मी एका शब्दावर विसंबत होतो.

खरी परीक्षा मात्र वस्तूंची नव्हती. आईवडील गावी एकटे असतात, दोघांचीही तब्येत आता बरी नसते, आणि नगरला बदली मिळावी म्हणून मी बऱ्याच काळापासून अर्ज केलेला होता. घरी त्यासाठी रोज प्रार्थना होत असे. उपवासकाळाच्या मध्यावर एका ओळखीच्या मध्यस्थाचा फोन आला. वर थोडे पैसे पोहोचवले तर आठवड्यात आदेश निघेल, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, उद्या सकाळपर्यंत कळवा, असे त्याचे म्हणणे होते. मी लाच देणारा माणूस नाही असे मला नेहमी वाटत आले आहे. पण आईचा चेहरा डोळ्यांसमोर असताना, ज्यासाठी प्रार्थना केली तेच दारात येऊन उभे असताना, हाच देवाने उघडलेला मार्ग तर नसेल ना, असे मन म्हणू लागले, आणि मनाने देवाचे नाव घेऊन असे बोलावे याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली. राग आणणाऱ्या संदेशासाठी केलेला नेम मी या फोनलाही लावला आणि त्या रात्री उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना भेटलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “भाऊ, १ शमुवेलचा तेरावा अध्याय वाचा, मग आपण बोलू.” घरी येऊन वाचला. शौल राजा गिलगाल येथे शमुवेल संदेष्ट्याची वाट पाहत आहे. मिखमाशात पलिष्टी जमले आहेत, त्याचे स्वतःचे लोक पांगत आहेत. ठरलेले सात दिवस तो थांबतो आणि शमुवेल येत नाही म्हणून त्याने करायचे होमार्पण स्वतःच करतो. होम संपतो न संपतो तोच शमुवेल येतो. शौलाने मूर्तिपूजा केली नव्हती, लूट केली नव्हती. त्याने देवालाच अर्पण वाहिले होते. अधीरतेला भक्तीचे वस्त्र घालता येते, हे त्या अध्यायाने मला दाखवले. सीनाय पर्वताच्या पायथ्याशीही तेच झाले होते. मोशे खाली यायला उशीर करतो आहे असे पाहून लोक अहरोनाकडे गेले आणि सोन्याचे वासरू उभे राहिले.

हे लिहिताना आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांविषयीही बोलले पाहिजे. ‘आजच चमत्कार’, ‘याच क्षणी आशीर्वाद’ अशी आश्वासने देणाऱ्या सभा गावोगावी होतात. आजारी, कर्जबाजारी, मुलाच्या नोकरीसाठी तळमळणारी माणसे तिथे जातात, आणि काही मिळाले नाही तर त्यांचाच विश्वास कमी पडला असे त्यांना ऐकावे लागते. देव आजही बरे करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण देवाला घड्याळ लावून देणारी ही शिकवण मला क्लेश देते, कारण तिच्यात पित्याची जागा दुकानाला मिळते. ‘धीरापोटी फळे गोमटी’ ही आपली म्हणही इथे पुरी पडत नाही. आज एक सोडले तर उद्या दोन मिळतील, हा हिशेब शहाणपणाचा असेल; परंतु तो लोभच, फक्त लांब मुदतीचा. राजाने उभारलेल्या मूर्तीला नमन न करणारे शद्रख, मेशख आणि अबेद्नगो पेटत्या भट्टीची धमकी समोर असताना त्या राजाला म्हणाले की आमचा देव आम्हांला सोडवण्यास समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ‘नाही तरी’ हे म्हणता येणे, इथवर पोहोचायला मला त्या मध्यस्थाच्या फोनची गरज पडली.

मध्यस्थाला मी नाही कळवले. कळवताना हात थरथरला, कारण त्या नकाराची किंमत आईवडिलांनाही द्यावी लागणार होती. वडिलांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बरे केलेस. तशा पैशाने आलेला मुलगा आम्हाला रोज दिसला असता, पण त्याच्याकडे बघवले नसते.”

त्यानंतरच्या एका शनिवारी दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये काही तास घालवले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले, कारण ते खेड्यातल्या, थोडे वाचता येणाऱ्या बायकांना कळावे अशी त्यांची इच्छा होती. अनाथ मुली आणि विधवांचा एवढा मोठा संसार सांभाळत त्यांनी हे काम अनेक वर्षे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी ते पुरे झाले होते. ज्या बायकांसाठी ते केले त्यांच्या हातात ते पुस्तक पडलेले पाहण्याचे सुख त्यांना मिळाले नाही, आणि तरी कामाची गती त्यांनी सोडली नव्हती. त्या आवारात फिरताना माझ्या बदलीचा अर्ज मला प्रथमच योग्य आकाराचा दिसला.

पवित्र सप्ताह आला. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना होती आणि क्रूसावरील सात उद्गारांवर मनन चालले होते. मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय वाचला गेला तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्यांची निंदा कानांवर पडली: तू देवाचा पुत्र असशील तर क्रूसावरून खाली उतर. अरण्यात सैतानाने वापरलेले ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ हे शब्दच पुन्हा आले होते. शुभवर्तमानकार लूक लिहितो की अरण्यातल्या मोहानंतर सैतान प्रभूला संधी मिळेपर्यंत सोडून गेला. ती संधी ही असावी, असे मला वाटते. एका क्षणात सगळे थांबवता आले असते, बघ्यांची तोंडे बंद करता आली असती. तो उतरला नाही. माझे तारण ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती म्हणजे त्या दुपारी त्याने ‘आत्ताच’ हे नाकारले, आणि याची जाणीव होताच माझ्या सगळ्या लहानसहान नेमांचा अभिमान गळून पडला. गलतीकरांस पत्रात इंद्रियदमन हे आत्म्याच्या फळात मोजले आहे. माझ्या मेहनतीची ती कमाई नव्हे.

न केलेल्या खरेदीची रक्कम ईस्टरच्या आठवड्यात आम्ही गावातल्या दोन मुलांच्या शाळेच्या शुल्कासाठी दिली. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास सांगितला आहे. भुकेल्याला आपल्यातली भाकर वाटून दिल्याशिवाय तो पुरा होत नाही. नेमांपैकी वही अजून चालू आहे. व्हिडिओचे ॲप फोनवर पुन्हा घेतलेले नाही; सामान आणणारे एक ॲप मात्र पत्नीच्या फोनवर आहे आणि आजारपणात त्याचा उपयोगही होतो. फोन जुनाच आहे. बदलीचा आदेश अजून निघालेला नाही, आणि दर दुसऱ्या व चौथ्या शनिवारी पहाटेच्या एसटीने मी नगरला जातो.